अँटी डंपिंगची चौकशी लागली म्हणून घाईने दोन कंटेनर उचलू का?

पत्र (जागेसाठी थोडं कापलंय):

"नमस्कार सर. आमचं कुपवाड एमआयडीसीत लॅमिनेटेड पाऊचचं छोटं युनिट आहे, मशीनचं काम मिस्टर बघतात, खरेदी आणि हिशोब माझ्याकडे. हळद, बेदाणा, फरसाण अशा पार्ट्या आहेत. पॉलिएस्टर फिल्म निम्मी इथल्या मिलची घेतो, निम्मी भिवंडीच्या ट्रेडरकडून चायना-थायलंडची, ती किलोमागे स्वस्त पडते म्हणून. आता ट्रेडर रोज फोन करतोय की फिल्मवर अँटी डंपिंगची चौकशी लागली, एकदा ड्युटी बसली की माल मिळणारच नाही, आत्ताच दोन कंटेनर बुक करा, आणि तुमच्याच आयईसीवर (आयात-निर्यातीच्या कोडवर) मागवू म्हणजे अजून स्वस्तात बसेल. दुसरीकडे मिलचा सेल्सवाला एक छापील पत्र घेऊन आला, 'ड्युटी लावावी ही विनंती' असं त्यात लिहिलंय आणि त्यावर आमची सही-शिक्का हवाय. हळदीच्या पार्टीशी वर्षाचा फिक्स रेट ठरलाय. दोन कंटेनर घ्यायचे तर सोनं गहाण टाकावं लागेल. काय करू? – एक वाचक, सांगली"

ताई, सोनं कपाटातच राहू द्या. बाकी सगळं सविस्तर सांगतो पण हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रावरून वाटतंय की या आठवड्यातच तुम्ही काहीतरी करून बसाल.

पहिली गोष्ट म्हणजे ट्रेडरने तुम्हाला नोटिफिकेशन दाखवलंय का? तुमच्या पत्रात त्याचा नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या देशांवर आहे तेही नक्की नाही. म्हणजे आत्ता तुमच्या हातात फक्त फोनवरची बातमी आहे. अँटी डंपिंगची, म्हणजे बाहेरून फार स्वस्तात येणाऱ्या मालावर जादा ड्युटी लावायची का याची, चौकशी दिल्लीत वाणिज्य मंत्रालयाखालचं डीजीटीआर नावाचं ऑफिस करतं (२०१८ च्या आधी त्याला डीजीएडी म्हणायचे, जुने ट्रेडर अजून तेच नाव घेतात), आणि चौकशी सुरू केली की ते राजपत्रात छापावंच लागतं, त्यांच्या वेबसाइटवरही ते टाकतात, कोणालाही फुकट डाउनलोड करता येतं. ते कागद इंग्रजीत आणि कंटाळवाणे असतात हे खरं, पण तुम्हाला त्यातले दोन-तीनच परिच्छेद वाचायचेत. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे 'प्रॉडक्ट अंडर कन्सिडरेशन', म्हणजे नेमका कुठला माल चौकशीत आहे. फिल्म म्हटली की आपण सगळं एकाच पोत्यात घालतो, पण तिथे पॉलिएस्टर वेगळी, बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीनची) वेगळी, नायलॉन वेगळी, आणि पॉलिएस्टरमध्येसुद्धा इतक्या मायक्रॉनपर्यंतची आहे का, साधी आहे का मेटलाइज्ड (धातूचा चकचकीत थर दिलेली), कोटेड आहे का, काय काय वगळलंय, हे सगळं लिहिलेलं असतं. कित्येकदा असं होतं की चौकशी एका प्रकारच्या फिल्मवर असते आणि बाजारात भाव सगळ्याच फिल्मचा हलवला जातो. एचएसएन कोड जुळला म्हणजे आपला माल आला असंही समजू नका, ३९२० मध्ये प्लास्टिकच्या ढीगभर फिल्म बसतात आणि नोटिफिकेशनमध्ये स्पष्ट म्हटलेलं असतं की कोड फक्त दिशा दाखवायला आहे, खरं ते मालाचं वर्णन. तर ट्रेडरला साधं विचारा, दादा नोटिफिकेशनची पीडीएफ पाठवा. पाठवली तर वाचू, नाही पाठवली तर त्याच्या घाईचं कारण तुम्हाला कळलंच.

आता धरून चालू की चौकशी खरंच लागलीय आणि तुमची १२ मायक्रॉनची फिल्म त्यात आहे. तरी चौकशी म्हणजे ड्युटी नाही. हे मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या कामात असल्यापासून लोकांना सांगत आलोय आणि दर वेळी चौकशीच्या बातमीवरच माल उचलला जातो. डंपिंग म्हणजे नुसता स्वस्त माल नव्हे, तिकडची कंपनी स्वतःच्या देशात ज्या भावाला विकते त्याच्यापेक्षा कमी भावात आपल्याकडे पाठवते का, हे आधी सिद्ध व्हावं लागतं (चायनाच्या बाबतीत त्यांचा घरचा भाव बरेचदा धरतच नाहीत, दुसऱ्या पद्धतीने काढतात, पण ते असो). मग त्यामुळे इथल्या मिलचं नुकसान झालं का ते बघतात, आणि तिसरं म्हणजे ते नुकसान आयातीमुळेच झालं का दुसऱ्या कशामुळे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ड्युटीची शिफारस होते. या सगळ्याला कायद्याने वर्षभराची मुदत आहे आणि ती अजून सहा महिने वाढवता येते. तात्पुरती ड्युटी मधेच लावता येते, पण चौकशी सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत तीही लावता येत नाही. आणि शेवटी डीजीटीआरने शिफारस केली तरी ड्युटी लावायची का नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, त्यांना तीन महिने असतात, आणि २०२० नंतर बऱ्याच शिफारशी त्यांनी मान्य केल्या नाहीत, माल कापड-पॅकिंग अशा छोट्या उद्योगांचा कच्चा माल असला की त्यांना तो विचार करावाच लागतो. म्हणजे आज चौकशी लागली आणि उद्या माल बंद, असं काही नसतं.

आणि "माल मिळणारच नाही" हे तर साफ चुकीचं आहे. अँटी डंपिंग म्हणजे बंदी नाही, जादा ड्युटी आहे, बहुतेक वेळा टनाला इतके डॉलर अशी, आणि प्रत्येक परदेशी कंपनीचा रेट वेगळा. ज्या कंपनीने चौकशीत सहकार्य करून आपले आकडे दिले तिला कमी बसते, काहींना शून्यही, जी गप्प बसली तिला सगळ्यात जास्त. आपल्याच लोकांचं उदाहरण घ्या, युरोपने २००१ मध्ये आणि अमेरिकेने २००२ मध्ये भारतातून जाणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मवर अशीच ड्युटी लावली होती, तरी भारतातली फिल्म तिकडे जायची थांबली नाही, ज्यांचा रेट कमी लागला त्यांनी माल पाठवत ठेवला. आपल्या मिलवाल्यांना हा खेळ दोन्ही बाजूंनी चांगला माहीत आहे, तिकडे ते आरोपी होते, इकडे ते तक्रारदार असतात.

आता दोन कंटेनरचं. माझं स्पष्ट मत, घेऊ नका, आणि फक्त व्याजामुळे नाही. एक तर ऑर्डर कधी दिली याला कस्टममध्ये काही किंमत नाही. ड्युटीचा दर ठरतो बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टममध्ये भरायचा कागद) भरल्याच्या तारखेवर, आणि ती आगाऊ भरली असेल तर जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टमची परवानगी) मिळते त्या तारखेवर. तुम्ही आज पैसे भरले, माल तिकडून उशिरा निघाला, मधे तात्पुरती ड्युटी आली, तर आजच्या रेटचं कॉन्ट्रॅक्ट दाखवून काही सुटका नाही. बाँडेड गोडाऊनमध्ये (जिथे ड्युटी न भरता माल ठेवता येतो) ठेवून बघू म्हणाल तर तिथेही माल सोडवायची बिल ऑफ एंट्री भरतो त्या दिवशीचा दर लागतो. आणि कायद्यात अशीही तरतूद आहे की ड्युटीच्या आधी थोड्या दिवसांत आयातीचा लोंढा आला, डंपिंग चाललंय हे आयातदाराला माहीत होतं, तर ९० दिवसांपर्यंत मागे जाऊन ड्युटी लावता येते. ती क्वचितच वापरतात, पण ती लिहिलीय ती नेमकी अशाच साठेबाजीसाठी.

दुसरं म्हणजे फिल्म पडून राहिली की शाई धरावी म्हणून तिला केलेली ट्रीटमेंट उतरते, हे मिस्टरांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. दोन कंटेनर म्हणजे चाळीस टनांच्या आसपास माल. तुमच्यासारख्या युनिटला तो संपवायला किती महिने लागतील? सांगलीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये रोल उभे राहिले, मग डाईन पेन (ट्रीटमेंट तपासायचं) लावलं की शाई धरत नाही, टेप लावली की प्रिंट निघून येतं, आणि तेव्हा ट्रेडर फोन उचलत नाही. शिवाय भाव फक्त वरच जातो असं कोणी सांगितलं? क्रूड उतरलं, पीटीए-एमईजी (पॉलिएस्टरचा कच्चा माल) उतरलं की फिल्म उतरते. महाग घेतलेला चाळीस टन माल गोडाऊनला आणि बाजारात किलोमागे आठ-दहा रुपये कमी, अशी वेळ आली तर ते सोनं सुटायचं कसं?

आता खरा हिशोब करू, कारण भीती आकड्यात मांडली की ती किती मोठी आहे ते दिसतं. समजा ड्युटी लागली टनाला २०० डॉलर, हा आकडा मी नुसता हिशोबाला धरतोय, कुठल्या नोटिफिकेशनचा नाही. डॉलर ९० रुपये धरा, म्हणजे टनाला १८ हजार, किलोला १८ रुपये. ऐकायला भयंकर वाटतं. पण तुम्ही नुसती पॉलिएस्टर विकत नाही, लॅमिनेट विकता. हळदीच्या पाऊचला १२ मायक्रॉन पॉलिएस्टर आणि ५० मायक्रॉन पॉली (पॉलिथिन) असेल असं धरतो. पॉलिएस्टरचं १२ मायक्रॉनला १६.८ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पडतं, पॉलीचं ४६, शाई आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून साडेचार, एकूण ६७ च्या जवळपास. म्हणजे तुमच्या एक किलो लॅमिनेटमध्ये पॉलिएस्टर फक्त पाव किलो. १८ रुपयांचा पाव भाग साडेचार रुपये. आता अर्धा किलोचा ७ बाय १० इंचाचा पाऊच घ्या, दोन्ही बाजू मिळून साधारण सहा ग्रॅम भरतो, त्यात पॉलिएस्टर दीड ग्रॅम, म्हणजे एका पाऊचमागे ड्युटीचा बोजा येतो २.७ पैसे. हजार पाऊचला २७ रुपये.

फरसाणाच्या पाऊचला मेटलाइज्ड पॉलिएस्टरचा अजून एक थर असेल तर पॉलिएस्टरचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो आणि किलोमागे बोजा सात रुपयांवर. तोच थर मेटलाइज्ड बीओपीपीचा असेल तर हिशोब परत वेगळा, तो तुम्ही करालच. प्रत्येक पार्टीच्या पाऊचचं असं पान काढून ठेवा, मायक्रॉन, जीएसएम, पॉलिएस्टरचा टक्का, किलोला किती, पाऊचला किती पैसे.

हे पान का काढायचं सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. हळदवाल्याला पाऊचमागे तीन पैसे म्हणजे काहीच नाही, त्याच्या अर्धा किलो हळदीच्या भावात ते दिसणारसुद्धा नाहीत. पण तुम्हाला किलोमागे साडेचार रुपये म्हणजे कदाचित निम्मं मार्जिन. तोच बोजा त्याच्याकडे गेला तर कोणाला कळत नाही आणि तुमच्याकडे अडकला तर वर्ष वाया जातं. म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न चायनाची फिल्म नाही आणि ड्युटीही नाही, तुमचा प्रश्न आहे तो वर्षभराचा फिक्स रेट. आणि एक लक्षात घ्या, ड्युटी लागली तर ती फक्त आयात मालापुरती राहत नाही, इथल्या मिललाही भाव वर न्यायला तेवढी जागा मिळते, त्यामुळे सगळी फिल्म इथली घेतली तरी तुम्ही सुटत नाही. वर ही ड्युटी जीएसटीसारखी सेट ऑफ होत नाही. आयजीएसटी मोजताना ती किमतीत धरतात आणि त्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण खुद्द अँटी डंपिंगचं क्रेडिट नाही, ती सरळ तुमच्या कॉस्टमध्ये बसते.

तर हळदीच्या पार्टीकडे जा, मिस्टरांना घेऊन जा, फोनवर नको. आत्ता रेट वाढवा म्हणू नका, आत्ता काही झालेलंच नाही. फक्त एवढं बोला की सरकारने फिल्मवर कुठलीही नवीन ड्युटी लावली, तात्पुरती असो का पक्की, तर त्या तारखेनंतरच्या डिस्पॅचला तेवढाच फरक लावू, पान दाखवून लावू, आणि ड्युटी उठली तर कमीही करू. शेवटचं वाक्य विसरू नका, त्यानेच समोरचा माणूस ऐकतो. सांगलीच्या बाजारात ही माणसं भाव रोज बघतात, त्यांना फरकाचा हिशोब समजतो, त्यांना राग येतो तो अचानक बिल वाढून आल्यावर. हे कबूल झालं की दोन ओळी ईमेलवर टाका आणि त्यांच्याकडून 'ओके' मागवून घ्या. पुढच्या प्रत्येक कोटेशनखाली हे वाक्य कायमचं टाकून द्या: "कच्च्या मालावर अँटी डंपिंग, काउंटरव्हेलिंग, सेफगार्ड किंवा अन्य नवीन शुल्क लागू झाल्यास अथवा रद्द झाल्यास दरात प्रत्यक्ष फरकाइतका बदल केला जाईल." व्हॅलिडिटी वर्षाची देऊ नका, तीन महिन्यांची द्या.

आता मिलच्या त्या छापील पत्राकडे येतो. इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण छोटे युनिटवाले या बाबतीत गप्प बसतात आणि मग फाइलमध्ये एका बाजूला चार मोठ्या मिलचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला चार मोठ्या इम्पोर्टरचे वकील एवढंच उरतं, जे लोक खरोखर रोज फिल्म वापरतात त्यांचा एक कागद नसतो. हे मला मनापासून लागतं.

मिलवाल्यांची बाजू खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरला, इगतपुरीजवळ मुंढेगावला फिल्मचे मोठे कारखाने आहेत, हजारो घरं त्यावर चालतात, आणि बाहेरचा माल खर्चाच्याही खाली येत असेल तर ते कुठवर टिकणार? ते बंद पडले तर उद्या तोच स्वस्त सप्लायर भाव चढवेल आणि तेव्हा तुम्हाला दुसरीकडे जायला जागा नसेल. इथली मिल तुम्हाला उधारीवर दोन टन पण देते, परदेशी कंपनी देणार आहे का? पण दुसरी बाजूही आहे. २०२१ नंतर आपल्याच देशात पॉलिएस्टर आणि बीओपीपीच्या नव्या लाइन्स एकामागून एक सुरू झाल्या, माल इतका झाला की मिल एकमेकींचेच भाव पाडायला लागल्या, आणि मार्जिन गेलं त्यात हेही मोठं कारण आहे. कायदा सांगतो की दुसऱ्या कारणाने झालेलं नुकसान आयातीच्या डोक्यावर टाकायचं नाही. मग हे तिथे कोणी मांडायचं? जो दर महिन्याला दोन-तीन मिलचे रेट घेतो तोच मांडू शकतो, म्हणजे तुम्ही.

म्हणून सही करू नका. सेल्सवाला बिचारा वरून सांगितलंय म्हणून आला असेल, त्याच्यावर चिडू नका, चहा द्या आणि सांगा की आम्ही आमचं म्हणणं आमच्या शब्दांत थेट पाठवणार आहोत. तुम्हाला भीती वाटत असेल की मिल उधारी बंद करेल. असं नाक दाबायला कोणी निघालं तर मला परत लिहा, पण सहसा तसं होत नाही, माल त्यांनाही विकायचाय. आणि तुमच्या सहीमुळे त्यांचा अर्ज दाखल व्हायला काही मदतही होत नाही. अर्ज कोणाच्या वतीने झाला हे बघताना फक्त इथल्या उत्पादकांचं उत्पादन मोजतात, पाठिंबा देणाऱ्या मिलचा वाटा देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावा लागतो आणि विरोध करणाऱ्या मिलपेक्षा जास्त. वापरणाऱ्याची सही त्यात धरत नाहीत. तुमचं पत्र मात्र फाइलला लागतं की बघा, वापरणारेसुद्धा ड्युटी मागतायत, आणि उद्या तुम्हाला खरी अडचण सांगायची झाली तर तुमचीच सही तुमच्या आड येते. ट्रेडरने विरोधाचं छापील पत्र आणलं तर त्याच्यावरही सही नको, कारण तेच.

तुम्ही स्वतः काय पाठवायचं? १९९५ च्या अँटी डंपिंग नियमांत स्पष्ट आहे की त्या मालाचा औद्योगिक वापर करणाऱ्यांना आपली माहिती द्यायची संधी द्यायची. चौकशीच्या नोटिफिकेशनमध्येच मुदत दिलेली असते, साधारण महिन्याभराची, कुठे आणि कसं पाठवायचं तेही असतं, फी नाही, वकील पाहिजेच असं नाही. यूजरसाठी प्रश्नावली असते, आर्थिक परिणामाचीही वेगळी असते. ती भरा आणि सोबत दोन पानं तुमच्या भाषेत (सीएकडून इंग्रजी करून घ्या) लिहा. आमचं युनिट किती लोकांचं, चौकशीच्या काळात (नोटिफिकेशनमध्ये दिलेल्या मागच्या काळात) आम्ही किती टन पॉलिएस्टर वापरली, त्यातली इथली किती, बाहेरची किती, महिन्यावार रेट काय पडला. इथल्या मिलने कमीत कमी किती ऑर्डर मागितली, कुठला मायक्रॉन किंवा रुंदी द्यायला नाही म्हणाले, किती दिवस उशीर झाला, क्वालिटीची तक्रार केली तर काय झालं, आणि चांगलं वागले असतील तर तेही लिहा, खरं लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं. एखाद्या प्रकारची फिल्म इथे बनतच नसेल तर ती ड्युटीतून वगळा असं मागता येतं, आणि हे मागणं बऱ्याचदा मान्य होतं, फक्त ते मुदतीत आणि मायक्रॉन-ग्रेडसकट मागावं लागतं. मग ते वर काढलेलं पान जोडा, किलोला किती बोजा आणि फिक्स रेटमुळे आम्ही तो का पुढे टाकू शकत नाही.

तुमचे रेट बाकीच्यांना दिसतील ही काळजी नको. दोन प्रती द्यायच्या असतात, एक गोपनीय, त्यात खरे आकडे, आणि एक सगळ्यांना दिसणारी, त्यात आकडे झाकून सारांश. नाव मात्र दिसतं, ते लपवता येत नाही. पुढे तोंडी सुनावणी होते तीही हल्ली बरेचदा ऑनलाइनही असते, तेव्हा कुपवाडमधून बसून ऐकता येते, आणि तिथे बोललेलं नंतर लेखी द्यावं लागतं, नाहीतर ते धरत नाहीत. एकटीला जड वाटत असेल तर कुपवाड, मिरज, शिरोली, इचलकरंजीकडचे पाऊचवाले मिळून एक पत्र द्या, पण आकडे ज्याचे त्याने वेगवेगळे भरा, नुसत्या सह्यांच्या यादीला वजन नसतं, बिलांना असतं. पार्च्या-बिलं आजपासूनच एका फाइलला लावायला घ्या, चार वर्षांची लागतील, कारण नुकसान बघताना चौकशीचा काळ आणि त्याच्या आधीची तीन वर्षं बघतात.

ट्रेडरकडून माल घ्यायचा बंदच करा असं मी म्हणत नाही. नेहमी लागतो तेवढा घ्या, जमलं तर महिना-दीड महिन्याचा जादा ठेवा, त्याच्या वर नको. पण आता बिलावर मूळ देश आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहून मागा. ड्युटी लागली तर कोष्टकात देश आणि कंपनी दोन्ही असतात, आणि चायनात बनलेला माल दुबईमार्गे किंवा आणखी कुठून आला म्हणून तो चायनाचा राहत नाही असं होत नाही. थायलंडच्या मालावर आसियान करारामुळे साधी कस्टम ड्युटी कमी लागत असेल, अँटी डंपिंग मात्र त्या करारातही माफ नसते. बेदाणा एक्स्पोर्ट करणाऱ्या पार्टीसाठी माल बनवत असाल तर तिच्या सीएकडे अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनबद्दल (निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल ड्युटीशिवाय आणायचा परवाना) विचारून बघा, निर्यातीत जाणाऱ्या मालाला त्याखाली अँटी डंपिंगची सूट मिळू शकते, पण ते कागद त्यांच्या बाजूने व्हावे लागतात.

राहिलं आयईसी. तुमच्या नावावर माल मागवणं यात चूक काही नाही, तुम्ही स्वतः सप्लायरशी बोलून, स्वतःचा सीएचए (कस्टमची कामं करणारा एजंट) लावून, स्वतःच्या बँकेतून पैसे पाठवून केलं तर. पण ट्रेडर म्हणतोय ते वेगळं आहे, माल तो बोलवणार, कागद तो करणार, नाव तुमचं. बिल ऑफ एंट्रीवर ज्याचं नाव तो आयातदार, वर्णन चुकीचं लिहिलं, मायक्रॉन बदलला, देश बदलला, किंमत कमी दाखवली, तर नोटीस तुम्हाला येणार, त्याला नाही. आणि फसवणुकीचा मुद्दा निघाला तर खातं पाच वर्षं मागे जाऊन ड्युटी, व्याज आणि दंड मागू शकतं. तो माणूस चांगला असेल, तुमचा वर्षानुवर्षांचा व्यवहार असेल, तरीही नाही. आयईसी आणि डिजिटल सिग्नेचरची पेन ड्राइव्ह कोणाच्याच हातात द्यायची नाही, त्याच्या ऑफिसात "नुसती एक दिवस" ठेवायलाही नाही. आधीच दिली असेल तर आज फोन करून परत मागवा, आणि तुमच्या सीएला आइसगेटवर (कस्टमच्या वेबसाइटवर) बघायला सांगा की तुमच्या नावावर तुम्हाला माहीत नसलेली एखादी बिल ऑफ एंट्री तर भरलेली नाही ना.

नोटिफिकेशनची पीडीएफ मिळाली की वर्णनाचा परिच्छेद आणि मुदतीची तारीख मला पाठवा, तुमची फिल्म त्यात बसते का ते बघून लगेच कळवतो.